अकाबाच्या आखातातील प्रवाळांवरचे कृमी: पाहणीच्या नोंदी आणि पुढे जाणाऱ्यांसाठी सूचना

इजिप्तमधील सिनाई द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यालगत, तांबड्या समुद्राचा उत्तरेकडील फाटा असलेल्या अकाबाच्या आखातात, प्रवाळभिंत किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर सुरू होते, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी बोटीशिवायही पाण्यात उतरता येते. प्रवाळांवर राहणारे सागरी कृमी पाहावेत आणि त्यांतला कोणता कोणत्या संघात किंवा कुलात बसतो हे पाण्याखाली असतानाच कितपत ठरवता येते ते पडताळावे, एवढ्याच हेतूने आम्ही तेथे गेलो होतो.

आखातात बहुधा उत्तरेचा वारा असतो आणि दिवस चढेल तसा तो वाढतो, म्हणून सकाळचे पहिले तास निवडावेत. हिवाळ्यात पाण्याचे तापमान २१ अंशांच्या आसपास येते. कृमी पाहणारा माणूस पोहत नाही, एकाच जागी तरंगत राहतो आणि लवकर गारठतो, तेव्हा नेहमीपेक्षा जाड सूट घ्यावा. उथळ प्रवाळमंचावरून चालत जाऊ नये. खोल पाण्यात उतरणारी वाळूची वाट आधी शोधून ठेवावी.

सर्वांत आधी नजरेत भरतो तो ख्रिसमस ट्री वर्म, म्हणजे वलयी कृमींच्या (गांडुळासारख्या, कड्याकड्यांचे शरीर असलेल्या कृमींच्या) सर्पुलिडी कुलातला स्पायरोब्रँकस. पोराइटिस प्रवाळाच्या घुमटावर त्याचे जोडीने उभे असलेले सर्पिल पिसारे दिसतात. एक निळा, शेजारचा पिवळा, त्यापलीकडचा तपकिरी. या रंगांवरून जाती ठरवू नये, कारण एकाच जातीत हे सगळे रंग आढळतात. पाहायचे ते कृमी ज्या नळीत राहतो तिचे तोंड बंद करणारे झाकण: त्याची चकती आणि तिच्यावरच्या काट्यांची ठेवण. मात्र हा निकषही डोळे झाकून वापरण्याजोगा नाही. हिंद-प्रशांत महासागरातले कॉर्निक्युलेटस, क्रूसिगर आणि गेमार्डी या स्पायरोब्रँकसच्या जाती झाकणाच्या घडणीवरून वेगळ्या मानल्या जात असत, पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शरीररचना आणि जनुके एकत्र तपासल्यावर ती तिन्ही नावे एकाच जातीची ठरली. जुन्या मार्गदर्शिकांत जगभरच्या अशा कृमींना सरसकट जायगँटियस म्हटलेले असते; निसर्गशास्त्रज्ञ पॅलासने १७६६ मध्ये वर्णिलेली ती जाती आता पश्चिम अटलांटिकपुरती मानली जाते, तेव्हा तांबड्या समुद्रातल्या छायाचित्राखाली ते नाव लिहू नये.

झाकणाचे छायाचित्र मिळवणे हे चिकाटीचे काम आहे. आपली सावली पडली की कृमी क्षणात नळीत शिरतो, म्हणून खालच्या बाजूने, सूर्य अंगावर घेत, श्वास हळू सोडत जवळ जावे. तो आत गेलाच तर दूर न जाता तिथेच थांबावे, कारण नळीचे तोंड बंद असते तेव्हा झाकण समोरून दिसते आणि तोंडावर उभा असलेला नळीचा टोकदार काटाही त्याच वेळी टिपता येतो. त्यानंतर पिसारा सावकाश उलगडतो, तेव्हा दुसरे छायाचित्र घ्यावे.

आम्ही सर्वाधिक वेळ दिला तो वॅमिनोआ या इवल्या, चपट्या कृमीला. फुगीर बुडबुड्यांच्या प्रवाळावर तपकिरी ठिपके दिसले. डाग म्हणून ते सोडून देणे सहज शक्य होते, पण भिंग धरल्यावर त्यांतला एक ठिपका कडा किंचित उचलत शेजारच्या बुडबुड्यावर सरकला. हे काही मिलिमीटरांचे चपटे प्राणी प्रवाळावरचा श्लेष्मा (बुळबुळीत स्राव) खातात, आणि त्यांचा तपकिरी रंग शरीरात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांचा असतो. याच आखाताच्या टोकाशी, इस्रायलमधील एलातजवळ सापडलेल्या वॅमिनोआ ब्रिकनेरी या जातीचे वर्णन २००५ मध्ये झाले. तिच्यात ही शैवाले अंड्यांतूनच पुढच्या पिढीकडे जातात. दिसायला हुबेहूब चपटकृमी असूनही वॅमिनोआ त्या संघात नाही. त्याच्या अ‍ॅसीला गटाला पोकळी असलेले आतडे नसते, आणि १९९९ पासून जनुकीय पुराव्यांनी हा गट चपटकृमींपासून वेगळा काढला. आज तो झेनअ‍ॅसीलोमॉर्फा या संघात ठेवतात, पण त्या संघाची प्राणिसृष्टीतली जागा कोणती यावर तज्ज्ञांचे अजून एकमत नाही.

खऱ्या चपटकृमींतले पॉलिक्लॅड गटातले कृमी बहुधा समुद्री गोगलगायी समजले जातात. गोगलगायीला शरीरातून वेगळे उठलेले शृंग आणि बऱ्याचदा पाठीवर कल्ले असतात. पॉलिक्लॅडचे शरीर कागदाइतके पातळ असते आणि त्याची शिंगे म्हणजे पुढच्या कडेची घडी असते. अक्रोपोरा प्रवाळ खाणारा प्रोस्थिओस्टोमम अक्रोपोरी शोधायचा असेल, तर कृमीपेक्षा फांद्यांवरचे फिकट गोलाकार चावे आणि बुडाशी मृत सांगाड्यावर घातलेली अंडी पाहावीत, कारण प्राणी स्वतः प्रवाळाच्या रंगात मिसळून जातो.

रात्री अँफिनोमिडी कुलातले अग्निकृमी बाहेर पडतात. त्यांचे पांढरे केस चुनखडीचे व ठिसूळ असतात, त्वचेत मोडून राहतात आणि आग करतात. हात दूर ठेवावा. प्रखर दिव्यापेक्षा मंद लाल उजेड बरा.

वाळूवर सरकणारे हेटेरोसॅमिया प्रवाळ आम्हाला दिसले नाही, पण शोधावे. त्याला ओढत नेणारा अ‍ॅस्पिडोसायफन हा सायपनक्युला गटातला कृमी त्याच्या आतच राहतो. या गटाला पूर्वी स्वतंत्र संघ मानत, आता तो वलयी कृमींतच धरतात.

प्रत्येक नोंदीत यजमान प्रवाळ (कृमी ज्यावर राहतो ते), खोली, वेळ आणि मापपट्टीसह छायाचित्र असावे. यजमानाविना केलेली नोंद ओळख पटवणाऱ्याच्या फारशा कामी येत नाही. नमुने परवानगी असलेल्या संशोधकांनीच घ्यावेत: आधी मॅग्नेशियम क्लोराइडने प्राणी शिथिल करून, शरीररचनेसाठी फॉर्मलिनमध्ये आणि जनुकांसाठी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये. कृमीसह पडलेला प्रवाळाचा तुकडाही सोबत आणू नये. कठीण प्रवाळ साइट्स कराराच्या, म्हणजे वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत. खुल्या नोंदसंग्रहात छायाचित्र चढवताना झाकण दिसत नसेल तर ओळख स्पायरोब्रँकस या वंशावरच थांबवावी, आणि ठिपक्यांच्या बाबतीत वॅमिनोआच्या पुढे जाऊ नये.