आधी पोट दाखवा

"एवढं इन्सुलिन घेतोय, तरी साखर का उतरत नाही?" मधुमेहाच्या ओपीडीत समुपदेशन करते म्हटल्यावर हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतसुद्धा येतो. मी भाताला किंवा आंब्याला दोष देईन, अशी समोरच्याची अपेक्षा असते. मी विचारते, टोचता कुठे?

बरेच जण बेंबीच्या एकाच बाजूला बोट ठेवतात. वर्षानुवर्षं तीच जागा. तिथून हात फिरवला की कातडीखाली रबरासारखा जाडसर फुगवटा लागतो. एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा इन्सुलिन गेलं की तिथली चरबी वाढते आणि त्यातून औषध रक्तात धड पोचत नाही. कधी अडकून राहतं, कधी भलत्या वेळी उतरतं. म्हणून आज साखर ३००, आणि परवा साखर एकदम उतरून दरदरून घाम, हातपाय लटलट. बरं, ती जागा सोडवत नाही, कारण तिथे सुई दुखत नाही! गाठ नुसत्या डोळ्यांना दिसेलच असंही नाही, ती बोटांना कळते. डॉक्टरांपुढे असतो रिपोर्ट. आकडा चढलेला दिसला की डोस वाढतो, आणि वाढलेला डोसही जातो त्याच गाठीत.

मात्र हे वाचून उद्यापासून परस्पर जागा बदलू नका. चांगल्या जागी तोच डोस जास्त लागू पडतो आणि साखर धाडकन खाली येऊ शकते. डॉक्टरांना गाठ दाखवा, डोस कमी करायचा का ते विचारा, मग बदला. पुढे रोजची सुई आदल्या जागेपासून बोटभर अंतरावर. आणि सुई नवी. एकच सुई बोथट होईपर्यंत वापरली तर गाठींचा धोका वाढतो.

दुसरी भानगड सिरिंजची. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० चं असतं, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. त्याची सिरिंज लाल टोपणाची. केशरी टोपणाची १०० ची. दुकानदाराने चुकून केशरी दिली आणि तुम्ही २० च्या रेघेपर्यंत भरलंत, तर पोटात जातात फक्त ८ युनिट. उलटी अदलाबदल तर जिवावर बेतते: १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० पर्यंत भरलं की ५० युनिट जातात. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का, हे दुकानातच बघा.

बाकी, इन्सुलिनच्या पेनने टोचत असाल तर त्याचं बटण दाबल्यावर दहा आकडे मोजूनच सुई काढा. दुधाळ इन्सुलिन आधी तळहातांत हलकेच घोळवा. आणि बाटली बर्फाच्या कप्प्यात कधीही नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकायचंच.

पुढच्या तपासणीला फाईलबरोबर सिरिंज, बाटली किंवा पेन पिशवीत टाका आणि टोचून दाखवा. डॉक्टरांना वेळ नसेल तर सिस्टरला दाखवा. भरल्या ओपीडीत पोट दाखवायला बायका फार संकोचतात, म्हणून त्यांच्या गाठी उशिरा सापडतात. सिस्टरला पडदा ओढायला सांगा, ती ओढते.