अर्धवट चालणारे कनेक्शन आणि आठ बाइटचा हिशोब

मोडेम ब्रिज मोडवर टाकून (म्हणजे त्याला नुसता दुवा बनवून) पीपीपीओईचे, म्हणजे सेवादात्याशी जोडणी करण्याच्या पद्धतीचे, लॉगिन स्वतःच्या ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त प्रणाली) राउटरकडे घेण्याचे काम या आठवड्यात पूर्ण झाले. मोडेम आणि राउटर दोघेही नॅट (घरातल्या पत्त्यांचे बाहेरच्या एका पत्त्यात रूपांतर) करत असल्यामुळे घरच्या सर्व्हरपर्यंत बाहेरून पोहोचायचे तर प्रत्येक पोर्ट दोन ठिकाणी उघडावा लागत होता, आणि तो त्रास मला कायमचा संपवायचा होता. वाटेत दोन अडचणी आल्या. पहिली तासाभरात सुटली, दुसरीने चार संध्याकाळी घेतल्या. म्हणून दुसरीविषयी सविस्तर लिहितो.

पहिली अडचण अशी, की राउटर लॉगिनच करेना. वॅन पोर्टवर (इंटरनेटकडच्या बाजूला) टीसीपीडंप (पॅकेट पाहण्याचे साधन) लावला तेव्हा पीएडीआय (‘तिकडे सेवादाता आहे का?’ असे विचारणारे) पॅकेट पुन्हा पुन्हा बाहेर जाताना दिसले, पण त्याला उत्तर म्हणून यायला हवे ते पीएडीओ एकदाही आले नाही. याचा अर्थ युजरनेम आणि पासवर्ड तपासले जाण्याची वेळच आलेली नव्हती, त्यामुळे ते पुन्हा पुन्हा टाइप करण्यात काही हशील नव्हता. मोडेम पूर्वी जो व्हीलॅन टॅग (पॅकेट कोणत्या आभासी जाळ्यातले हे सांगणारी खूण) स्वतः लावत असे, तो आता राउटरने लावायला हवा होता. टॅग दिल्याबरोबर लॉगिन झाले. मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला नाही, याचीही लगेच खात्री करून घेतली. तसा तो निघाला असता तर सेवादात्याच्याच नॅटमागे बसावे लागले असते आणि पोर्ट उघडण्याचा सारा खटाटोप व्यर्थ ठरला असता.

खरा पेच त्यानंतर सुरू झाला. पिंग व्यवस्थित जात होते, डीएनएस उत्तर देत होते, काही संकेतस्थळे झटकन उघडत होती. काही मात्र नुसतीच फिरत राहत आणि शेवटी टाइमआउट होत. एसएसएच जोडणी सुरू होऊन किल्ल्यांच्या देवाणघेवाणीपाशी अडकत होती. मी आधी डीएनएस बदलले, मग केबल बदलली, आणि दोन्हींत वेळ गेला. उलगड्याची सुरुवात एका साध्या तुलनेतून झाली: जी फाइल लॅपटॉपवर येत नव्हती, तीच राउटरवर एसएसएचने शिरून डब्ल्यूगेटने मागवली असता पूर्ण वेगाने आली. लाइन एकच, दूरचा सर्व्हरही तोच, आणि तरीही निकाल वेगळा.

इथे आकडेमोड करावी लागते. इथरनेटचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १५०० बाइट असतो आणि पीपीपीओई त्यातले आठ बाइट स्वतःसाठी घेते, म्हणून पॅकेटला १४९२ उरतात. आयपी आणि टीसीपी यांच्या हेडरचे किमान वीस-वीस बाइट वजा केले की एमएसएस (एका टीसीपी सेगमेंटमध्ये मावणारा डेटा) १४५२ येतो. राउटरला स्वतःचा इंटरफेस १४९२ चा आहे हे ठाऊक असल्यामुळे तो जोडणी मागतानाच १४५२ सांगतो. लॅपटॉपला मात्र पुढे पीपीपीओई आहे याची कल्पना नसते. तो १४६० सांगतो आणि समोरचा सर्व्हर १५०० बाइटची पॅकेट पाठवू लागतो. ती सेवादात्याच्या टोकाला अडतात. तिथून ‘तुकडे करणे आवश्यक’ असा आयसीएमपी (जाळ्यातल्या अडचणी कळवणारा) संदेश सर्व्हरकडे जायला हवा, पण तो निघालाच नाही किंवा वाटेतल्या एखाद्या फायरवॉलने गिळला, तर सर्व्हरला काहीच कळत नाही आणि तो तीच मोठी पॅकेट पुन्हा पाठवत राहतो.

टीसीपीडंपमध्ये हे अगदी स्पष्ट दिसले. लॅपटॉपच्या सिनमध्ये (जोडणी मागणाऱ्या पहिल्या पॅकेटमध्ये) एमएसएस १४६० होता. क्लायंट हॅलो (सुरक्षित जोडणीचा पहिला संदेश) गेल्यावर सर्व्हरच्या उत्तराचे पहिले दोन मोठे सेगमेंट आलेच नाहीत, पण शेवटचा लहान सेगमेंट येऊन पोहोचला, आणि लॅपटॉप सॅक (कोणते तुकडे मिळाले ते सांगणारी पोच) लावून ‘मधले मिळाले नाही’ असे कळवत राहिला. तुकडे न करण्याची खूण लावून केलेले पिंग १४६४ बाइटला (हेडरचे २८ धरून १४९२) गेले आणि १४६५ ला राउटरनेच अडवले. मात्र या चाचणीतून बाहेर जाणाऱ्या दिशेची मर्यादा तेवढी कळते, येणारी मोठी पॅकेट कुठे हरवतात ते कळत नाही, हे ध्यानात ठेवावे. काही संकेतस्थळे का उघडत होती, याचेही एक कारण क्विकमध्ये (टीसीपीऐवजी वापरल्या जाणाऱ्या वाहतूक प्रोटोकॉलमध्ये) असावे असे मला वाटते: ते यूडीपीवर चालते, किमान १२०० बाइटच्या डेटाग्रामपासून सुरुवात करते आणि मार्गाचा अंदाज घेतल्यावरच आकार वाढवते.

चूक माझीच होती. ओपनडब्ल्यूआरटीच्या फायरवॉलमधल्या मूळ वॅन झोनमध्ये एमएसएस क्लॅम्पिंग (जाणाऱ्या सिनमधला एमएसएस राउटरनेच कमी करणे) आधीपासून चालू असते. मी पीपीपीओईसाठी वेगळा झोन बनवला आणि ती खूण लावायची राहून गेली. लॅपटॉपचा एमटीयू तात्पुरता १४९२ करताच अडलेली पाने उघडली, तेव्हा निदान पक्के झाले. मग तो पूर्ववत केला, झोनमध्ये क्लॅम्पिंग चालू केले, आणि बाहेर जाणाऱ्या सिनमध्ये १४५२ दिसू लागला.

आता वायरगार्ड (व्हीपीएनचा बोगदा) उरले आहे. त्याचा नेहमीचा १४२० हा आकडा १५०० मधून ८० वजा करून आलेला आहे. बोगदा आयपीव्ही४ वरून गेला तर आवरण ६० बाइटचे असल्याने १४८० भरतात आणि काम चालते, पण आयपीव्ही६ वरून गेला तर पुरे १५०० होतात, म्हणजे १४९२ च्या वर. म्हणून दोन्ही टोकांना १४१२ (१४९२ वजा ८०) लावले आहे. पुढच्या नोंदीत मोठी फाइल दोन्ही दिशांनी पाठवून पाहिल्याचे निकाल देईन.