आमची वाटचाल : रणगाड्यांच्या वाटेवरची माती

रस्त्याकडेच्या उतारांवर काथ्याची जाळी अंथरायची आणि गवत लावायचं, एवढ्याच कामावर आमची फर्म उभी राहिली. पुढे लष्करी सराव क्षेत्राचं काम आलं आणि सगळा विचारच बदलावा लागला. रस्त्याचा उतार एकदा बांधला की त्यावर कोणी पाऊल टाकत नाही. सरावाच्या जमिनीवर मात्र पुढची तुकडी येणारच, आणि तिने यायलाच हवं.

रणगाडा सरळ जातो तेव्हा जमीन बरंच सोसते. तो जागच्या जागी वळला की त्याचा पट्टा गवत मुळांसकट खरवडून काढतो. जमीन ओली असेल तर चाकोरी खोल जाते, खालची माती दबून निब्बर होते आणि पाणी मुरेनासं होतं. ते चाकोरीतूनच धावू लागतं. उताराच्या दिशेने पडलेल्या चाकोरीचा ओघळ होतो, ओघळाची घळ होते. मग वाहनं घळीला वळसा घालतात आणि शेजारची जमीनही उघडी पडते.

विशमायर आणि स्मिथ यांचं 1965 सालचं धुपेचं समीकरण आम्ही प्रत्येक कामाआधी मांडतो; पाऊस, माती, उतार आणि आच्छादन यांवरून किती माती वाहून जाईल याचा अंदाज ते देतं. पाऊस आणि मातीचा पोत आपल्या हातात नसतो. पण लांब उतार आडव्या उंचवट्यांनी तोडता येतो, पाणी बाजूच्या गवताळ पट्ट्यात काढून देता येतं, आच्छादन वाढवता येतं. निब्बर जमीन खोल न फोडता तिच्यावर नुसतं बी फेकणं म्हणजे पैसे पाण्यात, हे माझं ठाम मत आहे. घळीत वरून खाली अनघड दगडी बांध घालतो, काठांवर वाळा लावतो. त्याची मुळं 3 मीटरपर्यंत खोल जाऊ शकतात. नाला ओलांडायची जागा ठरवून तिथे पक्की फरशी करतो. वाहनांच्या वाटेवर जाळी अंथरतच नाही, ती रणगाड्याच्या पट्ट्यात गुंतते.

आणि कुदळ मारण्याआधी, न फुटलेले गोळे शोधून जमीन मोकळी केल्याचा लेखी दाखला हवाच. माझ्या माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे, इथे घाई चालत नाही.

आता आमचं निम्मं काम नकाशावर होतं. कोणता पट्टा वापरायचा, कोणता मुळं धरेपर्यंत बंद ठेवायचा, हे अधिकाऱ्यांसोबत बसून ठरतं. म्हणूनच सरावाचं वेळापत्रक पेरणीआधी हाती पडेल, ही अट आम्ही करारातच लिहून घेतो.