तुम्ही विचारलंत म्हणून : लाइट गेल्यावर आमचं सोलर

जुलैतली दुपार. कळंब्याच्या बाजूनं पाऊस झोडपत येतो, लाइट जाते, आणि पाच मिनिटांत शेजारच्या काकू चार्जर घेऊन दारात. "तुमच्यात सोलर हाय न्हवं? मग तुमच्यात पण अंधार कसा?"

छपरावर पॅनेल चढवल्यापासून हा प्रश्न मला पाहुण्यांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारलाय. उत्तर सोपं आहे, पण ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. आमचं सोलर ऑन-ग्रिड आहे, म्हणजे बाहेरच्या लाइनला जोडलेलं. बाहेरची लाइट गेली की इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात चालेल अशी करून देणारी पेटी (बॅटरीवाला नव्हे), स्वतःहून बंद पडतो, भर उन्हातसुद्धा. तसा तो मुद्दाम बनवलेला असतो. खांबावर चढलेला वायरमन लाइन बंद आहे असं धरून हात घालणार, आणि आमच्या छपरावरून तिच्यात करंट गेला तर? बॅटरी घेतली असती तर घरापुरता उजेड राहिला असता, पण खर्चही तसाच वाढला असता.

"मग उपयोग काय वो?" हा काकूंचा पुढचा प्रश्न. उपयोग पापड-कुरडयांसारखा. एप्रिल-मेमध्ये आमच्या तीन किलोवॉटच्या पॅनेलवर दिवसाला बारा-तेरा युनिट पडतात, तेवढी आम्ही वापरत नाही. उरलेली लाइनवर जातात, नेट मीटरवर (घेतलेली आणि दिलेली, दोन्ही वीज मोजणाऱ्या) आमच्या नावानं जमा होतात आणि पावसाळ्यात, पॅनेल निम्म्यावरही येत नाहीत तेव्हा, बिलातून वजा होतात. उन्हाळ्यात वाळवायचं आणि आषाढात तळायचं. फक्त ही बेगमी घरच्या डब्यात नसते, ग्रिडच्या, म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्याच्या, हिशेबात असते. मार्चअखेर तो हिशेब मिटतो. स्थिर आकार मात्र दरमहा भरावाच लागतो, त्यामुळे 'शून्य बिल' म्हणणाऱ्या जाहिरातींवर माझा विश्वास नाही.

म्हणजे आमचं छप्पर जितकं काचेवर चालतं, तितकंच नियमावर. नेट मीटरचा नियम नसता तर मेमधली वीज वाया गेली असती. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या सूर्यघर योजनेतून तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान मिळालं नसतं, तर मी अजून नुसती चौकशीच करत बसलो असतो. आणि मुळात पॅनेल इतकी स्वस्त झाली तीही धोरणामुळे. जर्मनीनं २००० साली कायदा करून सौर-पवन वीज ठरलेल्या दरानं वीस वर्षं घ्यायची हमी दिली. तिथं मागणी वाढली, चीनमध्ये कारखान्यांवर कारखाने उभे राहिले, आणि भाव घसरत गेले. २०२४ या एका वर्षात जगात सुमारे ५८५ गिगावॉट नवी अक्षय, म्हणजे सूर्य-वारा-पाण्यासारखी न संपणारी, वीजक्षमता आली. त्या वर्षी वाढलेल्या एकूण वीजक्षमतेत तिचा वाटा नव्वद टक्क्यांच्या वर होता.

पण क्षमता हा शब्द तालमीच्या हजेरीपटासारखा आहे. नावं शंभर असतील, आखाड्यात उतरतात किती ते बघायचं. आपल्या देशाची निम्मी क्षमता २०२५ च्या मध्यालाच बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-गॅस सोडून, झाली, ठरल्यापेक्षा पाच वर्षं आधी. त्यात मोठी धरणं आणि अणुवीजही धरलेली आहे. प्रत्यक्ष तयार होणारी वीज मात्र अजून सुमारे तीन-चतुर्थांश कोळशाचीच. संध्याकाळी सातला काकूंकडे मिक्सर आणि आमच्याकडे टीव्ही सुरू होतो, तेव्हा सूर्य घरी गेलेला असतो. त्या वेळी कोळसा लागतो, नाहीतर कोयनेचं पाणी.

पाण्यावरची वीज आपल्याला नवीन नाही, राधानगरीच्या धरणाखालीही वीजघर आहे. उसाचा हंगाम चालू असला की कारखाने बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, जाळून वीज करतात, गाळप संपलं की ती थांबते. सूर्यासारखंच, प्रत्येकाची आपापली वेळ.

वेळेचं खरं महत्त्व मला भुदरगडातल्या मावसभावानं शिकवलं. शेतीपंपाची लाइट रात्रीची असली की त्याला उसाला पाणी पाजायला काळोखात जावं लागतं, आणि बांधावर कधी साप, तर कधी गवा. सौर कृषी वाहिनीतून, म्हणजे शेतीपंपांसाठीच्या सरकारी सोलर योजनेतून, दिवसा लाइट मिळणार म्हटल्यावर कोळसा किती वाचतो हे त्यानं विचारलंच नाही. "रात्री झोपायला मिळंल न्हवं?" एवढंच म्हणाला.

परवा लाइट आल्यावर काकू चार्जर गुंडाळता गुंडाळता थांबल्या. "आम्हाला पण करायचं, कागद काय लागतात?" वीजबिल बघितलं, तर ते अजून सासऱ्यांच्या नावावर. सासरे जाऊन अकरा वर्षं झाली. म्हटलं, काकू, आधी ते नाव बदलून घ्या.