'ट्रायगन' परिचय-सत्रे: १७ व्या भागाचा पेच

'ट्रायगन' ही जपानी अ‍ॅनिमेशन मालिका नव्या प्रेक्षकांना दाखवायच्या सत्रांसाठी, आधी १९९८ ची जुनी मालिका आणि मग नवी, असा मागील नोंदीत मांडलेला पाहण्याचा क्रम बदलावा लागत आहे. नव्या गटातील दोघांनी, चित्रण ताजे आहे आणि भाग अवघे १२ आहेत म्हणून, सत्रे सुरू होण्याआधीच २०२३ ची 'ट्रायगन स्टॅम्पीड' पाहून टाकली, आणि मी जपून ठेवलेले रहस्य तिथेच फुटले.

जुन्या मंडळींना यातली अडचण लगेच कळेल. मॅडहाउस स्टुडिओच्या १९९८ च्या मालिकेत नायक व्हॅश, त्याचा जुळा भाऊ नाइव्ह्ज आणि त्या दोघांना वाढवणारी रेम यांची पूर्वकथा सविस्तर येते ती २६ पैकी १७ व्या भागात. ऑरेंज स्टुडिओची नवी मालिका मात्र अवकाशयाने कोसळण्याच्या प्रसंगानेच उघडते. जुन्या मालिकेचा पहिला भाग तर 'हा माणूस आहे तरी कोण' या एकाच प्रश्नावर उभा आहे. ६,००० कोटी डबल डॉलरचे (हे कथेतले चलन) इनाम डोक्यावर असलेल्या 'मानवी वादळा'च्या, म्हणजे व्हॅशच्या, शोधात विमा कंपनीच्या मेरिल आणि मिली वाळवंट तुडवतात, आणि लाल कोटातला, डोनटवर ताव मारणारा तो बावळट इसम समोर असूनही हाच व्हॅश हे मेरिलला काही केल्या पटत नाही. नव्या मालिकेत मेरिल नवशिकी पत्रकार आहे आणि तिच्या जोडीला मिलीऐवजी रॉबर्टो हा मुरलेला बातमीदार आहे. त्यामुळे गैरसमजाची ही गंमत तिथे फारशी उरत नाही.

या दोघांना पूर्वार्ध पाणचट वाटेल आणि ते मध्येच सोडून देतील, अशी धास्ती मला होती. झाले उलटेच. पाचव्या भागात इनेप्रिल या गावाची साधीसुधी माणसे इनामासाठी बंदुका घेऊन व्हॅशच्या मागे लागतात, तेव्हा त्याच्या धावपळीवर बाकीचे हसत होते आणि हे दोघे गप्प होते. 'हा मुद्दाम वेड पांघरतोय,' असे त्यांच्यापैकी एक हळूच म्हणाला. एरवी ही दाद उत्तरार्धाशिवाय मिळत नाही, त्यामुळे त्या रात्री मी भलताच खूश होतो.

तरीही कोऱ्या पाटीच्या प्रेक्षकाने सुरुवात १९९८ पासूनच करावी, हे माझे मत कायम आहे. त्सुनेओ इमाहोरी यांचे शब्दांविना, केवळ गिटारवर पेललेले शीर्षकसंगीत लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकवणे हा गुन्हा आहे. सबटायटल वाचताना गोळीबार निसटतो अशी तक्रार करणाऱ्यांना मी खुशाल इंग्रजी डब लावून देतो. जॉनी योंग बॉश यांचा व्हॅश ऐकण्याजोगा आहे. जुन्या डीव्हीडी संचाच्या फंदात मात्र पडू नये. मी मागवलेल्या संचात सबटायटल संवादाच्या मागे रखडत होती आणि विक्रेत्याने हात वर केले.

१३ वा भाग बराचसा उजळणीचा असल्याने तो गाळायचे ठरले होते. पण हे लिहिता लिहिता वाटते की गाळू नये. ती उजळणी मेरिलच्या नजरेतून होते आणि गटात उशिरा आलेल्या दोघीतिघींना तिचा उपयोग होईल. १७ वा भाग संपताच त्याच बैठकीत 'स्टॅम्पीड'चा पहिला भाग लावून पाहायचा विचार आहे. एकच घटना एकदा हाताने रंगवलेल्या सेलवर (पारदर्शक पत्र्यांवर) आणि लगेच सीजीमध्ये, म्हणजे संगणकीय चित्रणात, पाहिल्यावर कोऱ्या पाटीचे प्रेक्षक आणि हे दोघे यांच्यात वाद पेटेल, असा माझा अंदाज आहे. १८ वा भाग त्यामुळे पुढच्या आठवड्यावर जाईल.