सूर्याला राहिलेलं भोक

आठवीत असताना मी एकदा आकाश, नदी, झोपडी आणि नारळाचं झाड एका क्लिकमध्ये केशरी करून टाकलं होतं. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये चपला बाहेर काढून जायचं, एका मशीनवर तिघींनी बसायचं आणि माऊस आळीपाळीने फिरवायचा. माझी पाळी आली की मी पेंट, म्हणजे विंडोजमधला चित्रं काढायचा साधा प्रोग्रॅम, उघडायचे आणि महाराष्ट्रातल्या समस्त पोरांना पाठ असलेलं ते एकमेव निसर्गचित्र काढायला घ्यायचे. दोन डोंगर, मधून अर्धा सूर्य, खाली नदी, वर चारच्या आकड्यासारखे पक्षी.

अर्ध्या सूर्यानेच घात केला. पेंटमध्ये गोल पूर्णच येतो, म्हणून खालचा भाग खोडरबराने खोडला. तेव्हा डोंगराच्या रेषेला एक निसटता धक्का लागला. तो दिसला नाही. मग ओतायचा डबा घेऊन सूर्यात केशरी ओतला आणि सूर्य फुटला. एका ठिपक्याएवढी फट होती, तिच्यातून सगळा रंग बाहेर. तो डबा एका ठिपक्यापासून निघतो आणि शेजारच्याला विचारत जातो, तू पांढरा का? मग तू केशरी. तुझ्या पलीकडचा? तोही. काळी रेष आडवी आली तरच थांबतो. शेजारच्या दोघी इतक्या हसल्या की बाईंनी आम्हाला बाहेर काढलं.

तेव्हाच्या पेंटमध्ये फक्त तीन पावलं मागे जाता यायचं. चौथी चूक झाली की पहिली चित्राचाच भाग. त्यामुळे तीन चुका झाल्या की हात आपोआप आखडायचा. पुढे विंडोज ७ मध्ये ही सोय ५० पावलांची झाली आणि मी लगेच बेफिकीर झाले. पण फट शोधायची सवय काही गेली नाही. रंग ओतण्याआधी चित्र आठपट मोठं करायचं आणि रेषेवरून बोट फिरवत भोकं बुजवत जायचं. पावसाळ्याआधी कौलं शाकारतात ना, तसं. आजही कुणाची बंदिस्त रेष दिसली की माझी नजर आधी तिची फट शोधते.

घरी कॉम्प्युटर आला तो दादाच्या एमएस-सीआयटीच्या निमित्ताने. इन्व्हर्टर नव्हता आणि लोडशेडिंगला वेळापत्रक असलं तरी लाइट ते पाळत नसत. अर्धं चित्र झालं की ठप्प. दर पाच मिनिटांनी कंट्रोल आणि एस दाबायची खोड मला तेव्हा लागली ती अजून आहे, अगदी फोनवर मेसेज लिहितानाही बोटं ती बटणं शोधतात. माऊसच्या पोटात गोळी असायची. रेष सरळ जाता जाता मध्येच अडकली की माऊस उलटा करायचा, गोळी काढायची आणि आतल्या बारीक रुळांवरचा मळ नखाने खरवडायचा. चित्रकलेच्या परीक्षेला ब्रश धुवायचा, इथे हे.

एकदा मी अशीच मोठं करून, जाळी चालू करून ठिपके भरत बसले होते. आई मागून आली, चष्मा कपाळावर सरकवून बघितलं आणि म्हणाली, "अगं, ही तर मॅटी!"

आमच्या हॉलमध्ये तेव्हा आईने मॅटीच्या कापडावर क्रॉस स्टिचने भरलेले दोन पोपट होते, मध्ये सुस्वागतम. काचेच्या फ्रेममध्ये. मी ते रोज बघत होते आणि एकदाही माझ्या लक्षात आलं नव्हतं की पोपटाची गोल पाठ गोल नाहीच, पायऱ्या आहेत. माझं चाक चौकोनी का दिसतंय असं विचारलं तर आईने पडद्यावर बोट ठेवून घरं मोजली. "इथे चार, मग एक, मग परत तीन? असं नाही चालत. पायरी कमी कमी होत गेली पाहिजे. चार, दोन, एक, एक, आणि मग तशीच उभी." मी तसं केलं आणि चाक गोल झालं. पुढे कुठल्याशा कोर्सला हेच मला पैसे देऊन शिकवलं गेलं, तेव्हा मी गप्प बसून राहिले.

या प्रोग्रॅमला लोक हसतात ते मला कळतं. पहिल्या विंडोजबरोबर १९८५ साली आलेली वस्तू, तिची ऐट ती काय असणार. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो निवृत्तीच्या यादीत टाकला, तेव्हा मात्र जगभरचे लोक असे हळहळले की कंपनीला तो ठेवावा लागला. २०२३ मध्ये तर त्याला लेयर्सही आले. मला ते ऐकून आमच्या बैठ्या घराला कुणी लिफ्ट बसवल्यासारखं वाटलं. मी अजून जुन्या लॅपटॉपवरचा विंडोज ७ मधलाच पेंट वापरते, एकावर एक थर नसलेला. झाड रंगवलं की त्यामागचा डोंगर गेला, कायमचा.

गेल्या पावसाळ्यात मनात आलं, आपण एक एसटी चालवून बघू. लाल, घाटातून जाणारी, ३२० बाय २४० ठिपक्यांच्या चौकटीत.

आधी पाटी. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पाटीला उंची मिळाली सात ठिपके. गाडी चिपळूणला न्यायची होती, पण चिपळूणला वर वेलांटी, खाली ऊकार. शिरोरेघेवर दोन ठिपके आणि तळाला दोन दिले की अक्षरांना उरतात शिरोरेघ धरून तीन. मग वर-खाली काही नसलेलं गाव शोधलं. पाटण! त्यामुळे माझी गाडी चिपळूणहून निघून कुंभार्ली घाटाने पाटणला जाते. एसटीचे मार्ग ठरवण्याची ही पद्धत महामंडळाला सुचलेली नसणार.

गाडी पुढे सरकवायची नाही, घाट मागे सरकवायचा, हे पहिल्या दोन संध्याकाळी वाया घालवल्यावर कळलं. देखाव्याच्या डाव्या कडेची आठ ठिपके रुंद पट्टी कापायची, बाकीचा देखावा डावीकडे ओढायचा, पट्टी उजवीकडे चिकटवायची. असं ४० वेळा केलं की देखावा परत पहिल्या जागी येतो. दर वेळी वर गाडी आणून ठेवायची. गाडी पांढऱ्या कागदावर वेगळी काढलेली. पेंटला सांगायचं की पांढरा म्हणजे पारदर्शक धर. त्याने इमानदारीने धरलं, आणि पाटीचा पांढरा, दिव्यांचा पांढरा, ड्रायव्हरच्या टोपीचा पांढरा, सगळ्यातून घाट दिसू लागला. शेवटी गाडीतला पांढरा एका छटेने मळवला. डोळ्याला फरक कळत नाही, पेंटला कळतो.

चाकांनी खरी मजा केली. चाकात मी अधिकचं चिन्ह काढलं होतं, चार आऱ्यांसारखं. माझ्या पेंटमध्ये चित्र फिरवायचं तर ९० अंशांतच फिरतं. दर चित्रात चाक इमानाने ९० अंश फिरवलं आणि ४० चित्रं भराभर पुढे सरकवून पाहिली, तर चाकं जाम. गाडी घसरगुंडीवरून चाललेली. पाच मिनिटं मी स्वतःच्या कामाकडे संशयाने बघत राहिले. अधिकचं चिन्ह पावभर फिरवलं तर अधिकच राहणार, हे कुठल्याही पोराला कळेल. एका आऱ्यावर चिखलाचा डाग टाकला आणि चाक फिरायला लागलं. उलटं. कारण मी डावीकडे फिरवत होते. परत ४० चित्रं. त्यातच दर तिसऱ्या चित्रात गाडी एक ठिपका वर उचलली, कारण एसटी म्हटल्यावर ती हादरली पाहिजे.

दादासाहेब फाळक्यांनी पहिला मोठा सिनेमा काढायच्या आधी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या रोपाची रोज एकेक फ्रेम टिपली होती, महिनाभराच्या वर. ते वाचलं होतं तेव्हा चिकाटीचं कौतुक वाटलं होतं. आता वाटतं, त्यांचा वाटाणा निदान आपणहून वाढत तरी होता.

अकराव्या संध्याकाळी सगळी चित्रं गिंप नावाच्या दुसऱ्या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये एकावर एक घालून जिफ, म्हणजे हलतं चित्र, केली. एका चित्राला सेकंदाचा दहावा भाग, म्हणजे सगळा घाट चार सेकंदांत. वर ते चारच्या आकड्याचे पक्षीही आहेत. पंखांची टोकं एका चित्रात वर, एका चित्रात खाली, एवढंच; पण इतक्या वर्षांनी उडाले.

आईला दाखवलं. तिने कापडाची उलटी बाजू तपासावी तसं बराच वेळ पाहिलं. चाकं बघितली, पायऱ्या बरोबर आहेत म्हणाली. मग तिचं लक्ष देखाव्यातल्या थांब्याकडे गेलं. जागा रिकामी वाटत होती म्हणून मी तिथे शेड काढून एक बाई उभी केली होती, हातात पिशवी. दर चार सेकंदांनी गाडी तिच्यासमोरून जाते.

"ही थांबत कशी नाही?" आई म्हणाली. "ती बिचारी मघापासून उभी आहे."

मी सांगायला गेले की जिफ असंच असतं, परत परत पहिल्यापासून सुरू होतं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पावसात उभी आहे गं."

रात्री १७ नंबरची फाइल उघडली. गाडी थांबवणं सोपं आहे, दहा-बारा चित्रं घाट सरकवायचा नाही. दारही उघडता येईल. पण बाईला चढवायचं तर तिला पाय हवेत, आणि साडीखाली मी ते काढलेच नव्हते.