ब्रेनर्डला प्लॉट बघायला गेलो, तेही पानं गळल्यावर

घर बांधायला जागा शोधतोय, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात. मिनिआपोलिसहून ब्रेनर्डला जायला दोन-सव्वादोन तास लागतात. लिटल फॉल्सपर्यंत मका-सोयाबीनची सपाट शेतं दिसतात, मग हायवे ३७१ लागला की जमीन वाळूची होत जाते आणि पाइनची गर्दी सुरू होते. पुढे बॅक्स्टर, निस्वा, पीक्वॉट लेक्स, आणि मधेमधे झाडांच्या फटीतून सतत पाणी. मिनेसोटात दहा एकर आणि त्याहून मोठी ११,८४२ तळी आहेत. गाड्यांच्या नंबरप्लेटवर मात्र १०,०००च लिहितात. बढाई मारायची आयती संधी असून ती न मारणारं राज्य विरळाच!

नवऱ्याला गोल्फ हवा, मला झाडं. तळ्याचा काठ दोघांनाही हवा होता, पण गल लेकच्या काठाचे भाव ऐकून तो विषय गाडीतच मिटला. उरला पर्याय म्हणजे फेअरवेला, म्हणजे गोल्फ कोर्सवरच्या कापलेल्या हिरवळीच्या पट्ट्याला, लागून असलेला झाडीतला प्लॉट. जागा दाखवणाऱ्या रिअल्टर बाई म्हणत होत्या, जुलैत या, तेव्हा इथे स्वर्ग असतो. म्हणूनच आम्ही ऑक्टोबरच्या उत्तरार्धात गेलो. जुलैत इथला कुठलाही प्लॉट घनदाट जंगल वाटतो. ॲस्पन आणि बर्च उघडे पडले की जे हिरवं उरतं, ते रेड पाइन आणि व्हाइट पाइनचं. वर्षाचा जवळपास अर्धा काळ तेवढंच आपलं. शेजाऱ्याचं गॅरेज, त्यातली झाकलेली बोट, कचऱ्याचे डबे, सगळं लख्ख दिसतं.

पहिला प्लॉट नकाशावर सगळ्यात देखणा होता. ओकची जुनी झाडं, समोर फेअरवेचा डौलदार बाक. आत शिरलो तर पायाखालच्या पाल्यात जागोजागी गोल्फचे चेंडू. काही नवेकोरे, काही शेवाळलेले, पिशवी भरेल इतके. नवऱ्याने टीच्या, म्हणजे पहिला फटका मारतात त्या जागेच्या, दिशेने एकदा पाहिलं आणि गप्प झाला. हौशी, उजव्या हाताने खेळणाऱ्यांचा फटका बहुधा उजवीकडे वळतो, आणि टीपासून दोनशे ते अडीचशे यार्डांवर फेअरवेच्या उजव्या अंगाला जे घर असेल ते त्याचं हक्काचं गिऱ्हाईक. "अगं, मीही इथेच मारला असता," तो शेवटी म्हणाला. खिडकी फुटली तर मारणारा कोण ते कळणार कसं? शिवाय अशा वसाहतींच्या कागदपत्रांत बऱ्याचदा कलमच असतं, की चेंडू येणार हे मान्य करून तुम्ही जागा घेताय. जाहिरातीत फेअरवेचा फोटो असतो, टी कुठे आहे ते नसतं. ते स्वतः चालत जाऊन बघायचं.

दुसऱ्या प्लॉटने मला जवळजवळ जिंकलंच होतं. मागच्या बाजूला टॅमरॅकची रांग, नखशिखांत सोनेरी. सूचिपर्णी असूनही हे झाड हिवाळ्यापूर्वी सुया गाळतं, आणि त्याआधी काही दिवस असं पेटतं की बोलायलाच नको. मी फोटो काढत असताना नवरा बूट चिखलातून उपसत होता. टॅमरॅक रानात दिसला की समजायचं, खाली बहुधा पाणथळ आहे. मिनेसोटात १९९१ पासून पाणथळ जागांसाठी कायदा आहे. मनाला आलं म्हणून भराव टाकता येत नाही. त्यात या भागात बहुतेक ठिकाणी सार्वजनिक गटार नसतं, घराची स्वतःची सेप्टिक टाकीच करावी लागते. आणि सांडपाणी जिथे जमिनीत सोडतात ती पातळी आणि खालची ओली माती यांत तीन फूट कोरडी माती लागते. ती नसेल तर वरून वाळूचा ढिगारा रचून यंत्रणा बसवता येते, पण त्यासाठी आणखी झाडं जातात.

आणि इथेच खरा हिशोब लागतो. झाडीतला प्लॉट घेताना झाडं मोजून उपयोग नाही, घर बांधून झाल्यावर काय उरेल ते मोजायचं. घर, गॅरेज, बर्फ ढकलायला जागा राहील असा ड्राइव्हवे. १९९६ च्या जानेवारीनंतर पाडलेल्या प्लॉटवर सेप्टिकसाठी एक नाही, दोन जागा दाखवाव्या लागतात, एक आत्ताची आणि एक ती निकामी झाल्यावरची. विहीर त्यापासून किमान पन्नास फूट लांब. गोठणाऱ्या जमिनीमुळे पाया पाच फूट खोल, म्हणजे मोठं यंत्र आत येणार. वसंतातल्या वणव्यांच्या भीतीने घराभोवतीचे तीस फूट विरळ ठेवायला सांगतात, ते वेगळंच. कागदावर हे सगळं काढलं की एका एकराच्या जंगलाचे पाइन बोटांवर मोजता येतात.

जी वाचतात तीही वाचतीलच असं नाही. यंत्राच्या चाकांखाली माती दाबली गेली की ओकची मुळं गुदमरतात आणि झाड काही वर्षांनी, कंत्राटदार विसरला गेल्यावर, वाळतं. ओक विल्ट नावाचा बुरशीचा रोग तर ताज्या जखमेवर बसणाऱ्या किड्यांमधून पसरतो, म्हणून एप्रिल ते जुलै ओकला करवत लावायची नाही असं इथे सांगतात. बांधकामवाल्यांची लगबग नेमकी तेव्हाच सुरू होते!

जेवण निस्वात उरकलं. उन्हाळ्यात दर बुधवारी इथे कासवांच्या शर्यती होतात, आता मात्र गाव डुलक्या घेत होतं. डास आणि गोचिडींचा विषय ऑक्टोबरात कोणी काढत नाही. मी काढला, तर रिअल्टर बाई गोड हसल्या.

तिसरा प्लॉट सगळ्यात साधा. थोडी उंच, वाळूची जमीन, रेड पाइन आणि तीन मोठे ओक. टीच्या जरासा मागे, त्यामुळे चेंडूंची भीती नाही. पहाटे गवत कापायची यंत्रं घरघरणार, पण नवरा म्हणतो, तेव्हा मी उठलेलाच असेन. मला पटलं ते वेगळ्याच कारणाने. इथे डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या जेमतेम वीस अंश वर येतो, दक्षिणेला दाट पाइन असतील तर घरात दिवसभर दिवे. या प्लॉटच्या दक्षिणेला फेअरवे आहे, म्हणजे एकही झाड न तोडता ऊन मिळणार.

प्रश्न एवढाच की तो फेअरवे राहील का. अमेरिकेत २००६ पासून कित्येक वर्षं गोल्फ कोर्स उघडण्यापेक्षा बंदच जास्त पडले. कोर्स विकला गेला तर तिथे आणखी घरं येऊ शकतात, जमीन मोकळीच ठेवायचं बंधन दस्तात नोंदलेलं नसेल तर. रिअल्टर बाईंचं उत्तर होतं, "इथे कोण विकणार?" आम्ही कागदपत्रं वकिलाकडे पाठवली.

तिसऱ्या प्लॉटला ऑफर दिली आहे, दोन अटींवर: दस्तात ते बंधन सापडलं पाहिजे, आणि सेप्टिकच्या दोन्ही जागांची माती पास झाली पाहिजे, तीही ओकच्या मुळांपासून लांब. माती तपासणाऱ्याची तारीख नोव्हेंबरची मिळाली आहे. जमीन गोठायच्या आत त्याचे खड्डे खणून झाले तर ठीक, नाहीतर विषय थेट मे महिन्यावर.